हात लावू नका, म्हणे!

“रिमलेस आहे हं, घरी हात लावू नका. सैल वाटला, तिरका वाटला, की सरळ इकडे घेऊन या.” नवा चष्मा डबीत घालून हातात देताना दुकानात हे वाक्य ठरलेलं असतं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणारा घरी जातो तो चष्म्याला भिऊनच. मग चष्मा नाकावरून घसरत राहतो, माणूस दर दोन मिनिटांनी बोटाने वर ढकलत राहतो, आणि दुकानात जाणं ‘या रविवारी नको, पुढच्या रविवारी बघू’ असं लांबत जातं. दरम्यान काचेतला एक स्क्रू हळूहळू सैल होत असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण हात लावायला मनाई आहे आणि बघणं हीसुद्धा हात लावण्याची पहिली पायरी वाटते.

माझं म्हणणं असं, की रिमलेस चष्म्याची रोजची डागडुजी घरी करता येते आणि करावी. कुठे हात लावायचा नाही हेही सांगता येतं, आणि ती जागा बोट ठेवून दाखवता येण्याइतकी नेमकी आहे. ती न दाखवता ‘कुठेच लावू नका’ म्हणण्यात फक्त सांगणाऱ्याची सोय आहे.

हा चष्मा उभा कशावर असतो ते आधी पाहू. नेहमीच्या चष्म्यात काचेभोवती कडं असतं. काडी ओढली, वाकवली, चुकून चष्म्यावर बसलं, तरी पहिला मार खातं ते कडं. रिमलेसला कडं नाही. मधला ब्रिज आणि दोन काड्या एवढाच धातू. म्हणूनच धंद्यात त्याला थ्री-पीस म्हणतात. या तीन तुकड्यांना एकत्र धरणारी वस्तू म्हणजे खुद्द काच. काचेला नाकाकडे आणि कानाकडे एक किंवा दोन भोकं पाडलेली असतात, कधी एक भोक आणि काठाला एक खाच. त्यातून एक तर बारीक स्क्रू जातो, मागे नटने आवळलेला, धातू आणि काच यांच्या मधे प्लास्टिकचा पातळ वॉशर. नाहीतर भोकात प्लास्टिकचं जुळं बुश बसवतात आणि धातूच्या खाचा पाडलेल्या पिना त्यात दाबून घालतात. तिथे स्क्रू नसतोच. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या सिल्हूट कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेला ‘टायटन मिनिमल आर्ट’ तर स्क्रू आणि बिजागरी दोन्हींशिवायचा होता, वजन १.८ ग्रॅम. त्याच्या नकला आज कुठल्याही शहरात मिळतात.

या बांधणीतून एकच प्रश्न निघतो: चष्मा वाकवताना हाताचा जोर कुठून कुठे जातो? तो काचेच्या भोकातून जात असेल तर थांबायचं. जात नसेल तर भिण्याचं कारण नाही. याला एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येतो.

आता लोकांच्या तक्रारी बघा. चष्मा घसरतो. कानामागे बोचतं. नाकावर लाल खुणा पडतात. एक बाजू वर, एक खाली दिसते. बोलताना गाल काचेला लागतात. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ कानामागे किंवा नाकाच्या पॅडमध्ये असतं, आणि दोन्ही जागा भोकापासून दूर आहेत. तरी माणूस करतो काय? घसरतोय म्हणून काचेतले स्क्रू आवळतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! स्क्रू कितीही आवळले तरी घसरणं थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणून तो आणखी आवळतो. भोकापासून चांदणीसारखे तडे फुटतात ते अशा वेळी. ‘हात लावू नका’ या सल्ल्याने हे टळत नाही, कारण नेमकं काय आवळायचं नाही हे त्यात कुणी सांगितलेलंच नसतं.

घसरणाऱ्या चष्म्याचं घरचं काम असं असतं. आरशासमोर चष्मा नीट वर बसवायचा आणि बोटाने काडीचं वळण कुठे आहे ते चाचपायचं. वळण कानाच्या मुळाशी, जिथे कान डोक्याला चिकटतो तिथे सुरू व्हायला हवं. ते एखाद-दीड सेंटिमीटर मागे असेल, तर काडी कानावर नुसती टेकलेली असते, धरून काहीच ठेवत नाही. उलट ते फार पुढे असेल, तर कानामागे दुखतं. दोन्हींना उपाय एकच: जुनं वळण सरळ करायचं आणि योग्य जागी नवं द्यायचं. टोकावर रबरासारखं सिलिकॉन असेल तर आतली तार तशीच बोटांनी वळते. टणक प्लास्टिक असेल तर वाटीत गरम पाणी घ्यायचं, उकळतं नव्हे, बोट क्षणभर बुडवून काढता येईल इतकं, आणि त्यात फक्त टोक अर्धा मिनिट धरायचं. काच पाण्याच्या आणि वाफेच्या बाहेर राहिली पाहिजे. मग टोक पुसून दोन अंगठ्यांच्या मधे हळूच वळवायचं आणि गार होईपर्यंत तसंच धरायचं. वळवताना दुसरा हात काचेवर नको, काडीवरच हवा, वळणाच्या थोडा पुढे. या सगळ्यात काचेला काही कळतसुद्धा नाही.

नाकाचे पॅड यापेक्षा नाजूक, पण तेही घरचंच काम. दोन्ही पॅड एकमेकांच्या जवळ आणले की चष्मा वर चढतो, लांब केले की खाली उतरतो. गालाला काच लागते ती बहुधा पॅड फाकल्यामुळे. पॅडची अख्खी चपटी बाजू नाकाला टेकायला हवी. नुसती कड टेकली की लाल खूण पडते. पॅडची तार बारीक तोंडाच्या पकडीने वळवायची, आणि त्या वेळी ब्रिज दुसऱ्या, मऊ तोंडाच्या पकडीत घट्ट धरलेला हवा. काच धरून पॅड वळवला, तर तो जोर ब्रिजमधून थेट भोकात जातो. एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग घालून बघायचं, मग पुन्हा. दोन्ही बाजू सारख्या हलवायच्या, तुमचं नाक मुळात एका बाजूला कललेलं नसेल तर. (बहुतेकांचं थोडं असतंच. आरशात तेवढं निरखून बघायची सवय नसते, एवढंच.)

तिरका दिसणारा चष्मा आधी टेबलावर तपासायचा. काड्या उघडून, उलटा करून, काचेच्या टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवायचा. डुगडुगला तर चष्मा वाकलाय. टेबलावर सरळ आणि चेहऱ्यावर तिरका असेल, तर कान वरखाली आहेत. त्यात चष्म्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. जी बाजू वर दिसते तिची काडी किंचित वरच्या अंगाला वळवायची. कान जागचा हलत नाही, म्हणून पुढची बाजू खाली येते. एक काच चेहऱ्याच्या जवळ आणि दुसरी लांब असेल, तर जवळच्या काचेची काडी थोडी आत घ्यायची. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. करून बघितलं की पटतं. हे वळण काचेला लागून असलेल्या कोपऱ्याच्या पट्टीत द्यावं लागतं, म्हणून घरच्या कामाची हद्द इथे येते. एक पक्कड पट्टीला काचेच्या अगदी लगत धरून ठेवते, दुसरी तिच्या पलीकडे वळवते. पहिली पक्कड हलता कामा नये. पट्टी इतकी आखूड असेल की दोन पकडी मावत नाहीत, तर डबीत घालून दुकान गाठायचं. यात हार मानण्यासारखं काही नाही.

आता तो अपवाद. काच हलत असेल, टिचकी मारल्यावर कुरकुरत असेल, तर स्क्रू सैल आहे. सैल स्क्रू तसाच ठेवणं घट्ट स्क्रूइतकंच घातक असतं, कारण काच प्रत्येक हालचालीला भोकाच्या कडेवर ठोकर खाते. इथे भोकाजवळ हात न्यावाच लागतो. थाळीत पांढरा रुमाल अंथरायचा, म्हणजे पडलेला नट उडून कपाटाखाली जात नाही. भिंगातून आधी बघायचं: वॉशर जागेवर आहे का, भोकाच्या कडेला केसासारखी रेघ दिसते का. रेघ असली तर इथेच थांबायचं. नसली तर मागचा नट बारीक पकडीत नुसता स्थिर धरायचा आणि पुढून स्क्रूड्रायव्हर पाव फेरा फिरवायचा. काच हलायची थांबली का ते बघायचं. थांबली नसेल तर आणखी एक पाव. वॉशर दबून कडेने पसरायला लागला, की त्यापुढचा प्रत्येक पाव फेरा तडा मागतो. पूर्ण काढायच्या फंदात पडू नये. कारखान्यात किंवा दुकानात हा स्क्रू मुद्दाम लांब घेऊन, नटाबाहेरचं टोक कापून घासलेलं असतं; काढताना त्या कापलेल्या टोकाने आटे खराब होतात, आणि परत बसवताना तो अर्ध्यातच अडकतो.

माझ्या विरोधकाचा खरा मुद्दा नंबराचा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. तो म्हणतो, चष्मा म्हणजे दागिना नाही. काचेचा मध्यबिंदू डोळ्याच्या बाहुलीसमोर येईल अशा बेताने तो बसवलेला असतो, तुम्ही चिमटे घेऊन बसलात तर तो बेत बिघडेल. बरोबर. प्रेंटिसचा नियम सांगतो, की मध्यबिंदूपासून नजर जितके सेंटिमीटर सरकते त्याला नंबराने गुणलं की तितका प्रिझम डोळ्यावर येतो. सहा नंबरच्या काचांत चष्मा तिरका होऊन एक डोळा मिलिमीटरभर वरून आणि दुसरा मिलिमीटरभर खालून बघू लागला, तर दोघांत मिळून १.२ प्रिझमचा फरक पडतो. उभ्या दिशेचा एवढा फरक सोसायला डोळ्यांना जड जातो. सिलिंड्रिकल नंबराचं तर विचारू नका. काच अक्षापासून ३ अंश फिरली तर त्या नंबराचा सुमारे १० टक्के भाग दुरुस्त न होता उरतो, १० अंश फिरली तर सुमारे एक तृतीयांश. बाजूला एकाच स्क्रूवर टांगलेली काच अशी फिरू शकते. कड्यातली काच सहसा फिरत नाही.

हा हिशेब मला मान्य आहे. पण तो कुणाच्या बाजूने बोलतो? चष्मा तिरका होतो तो घरी, खिशातून काढताना, नातवाने ओढल्यावर, उशीखाली राहिल्यावर. त्या क्षणापासून तो १.२ प्रिझम डोळ्यांवर आहेच. गावातून तालुक्याला जाईपर्यंत आठवडा गेला, तर आठवडाभर आहे. पाच मिनिटांत चष्मा पूर्वीच्या जागी आणणारा माणूस नंबर बिघडवत नाही, बिघडलेला बेत परत आणतो. घरी नवं फिटिंग करायचंच नसतं. पहिलं फिटिंग दुकानाचं, मोजमाप घेऊन केलेलं. घरी फक्त त्या फिटिंगकडे परतायचं. परतायचं कुठे हे कळावं म्हणून पहिल्याच दिवशी, दुकानातून निघण्याआधी, चष्मा घालून समोरून आणि बाजूने दोन फोटो काढून घ्यायचे. बाजूच्या फोटोत दिसेल, की काचेची खालची कड गालाकडे थोडी कललेली आहे. हा कल साधारण ८ ते १२ अंशांचा मुद्दाम दिलेला असतो. घरी चष्मा ‘सरळ’ करताना लोक हाच कल घालवून बसतात, कारण तो मुद्दाम आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

प्रोग्रेसिव्ह काचांबाबत मात्र मी विरोधकाच्या बाजूला जातो. त्यात लांबचं आणि जवळचं यांना जोडणारी पट्टी अरुंद असते आणि तिची जागा बाहुलीवरून खूण करून ठरवलेली असते. तिथे काडीच्या टोकाचं वळण एवढंच घरचं काम. पॅड आणि कोपरा नको.

‘काच तडकेल’ या धाकाला मात्र माझ्याकडे सवलत नाही. काच का तडकते? आपण सवयीने काच म्हणतो, पण आज ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, आणि सगळी प्लास्टिकं सारखी नसतात. दुकानात ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतात ती सीआर-३९. ती दिसायला स्वच्छ आणि स्वस्त, पण भोक पाडल्यावर त्या कडेला तडकण्याकडे तिचा कल असतो. १.५६ इंडेक्सची काचही ठिसूळ. रिमलेसला चांगली ती ट्रायव्हेक्स, जी पीपीजी कंपनीने २००१ साली आणली. मग पॉलिकार्बोनेट. मोठा नंबर असेल तर १.६० किंवा १.६७ची थायोयुरेथेन जातीची काच. १.७४ त्याहून पातळ, पण भोकासाठी १.६७इतकी दणकट नाही. हे सगळं फिटिंग करणाऱ्याला माहीत असतं. गिऱ्हाईकाने किंमत कमी करायला सांगितली की मात्र भोक सीआर-३९ला पडतं आणि बिलावर ‘रिमलेस, अँटी-ग्लेअर’ एवढंच उमटतं. सहा महिन्यांनी भोकापासून रेघ निघते. मग पहिला प्रश्न असतो: “घरी हात लावला होता का?” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. काच कोणती घातली हे ज्याने ठरवलं त्याने आधी उत्तर द्यावं. हाताचा हिशेब त्यानंतर करू.

आणि तज्ज्ञाचा हात म्हणजे नेहमी सुरक्षित हात असंही नाही. एका दुकानात माझ्यासमोर काउंटरवरच्या पोराने काच दोन बोटांत धरली आणि काडी पिळली. नेमकं जे करायचं नाही तेच, आणि तेही पकडीशिवाय. चष्मा वाचला, नशिबाने. याउलट, मागच्या खोलीत भिंगाखाली वाकून बसलेला कारागीर पट्टी पकडीत धरून वळवतो तेव्हा त्याचं मनगट हलतं, काच हलत नाही. त्या हाताला माझा नमस्कार. पण तो हातही बघून बघून आणि करून करूनच शिकलेला असतो. जे शिकता येतं त्याला मंत्रविद्येचा मान का द्यायचा?

गॅरंटीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. जुनी फ्रेम दुरुस्तीला दिली की ती ‘गिऱ्हाईकाच्या जबाबदारीवर’ घेतली जाते, अशी पाटी अनेक दुकानांत असते. म्हणजे त्यांच्या हातात तुटला तरी पैसे आपले, आपल्या हातात तुटला तरी आपलेच.

हत्यारं फार लागत नाहीत. एक नायलॉनच्या तोंडाची पक्कड, धरायला. एक बारीक, गुळगुळीत तोंडाची, वळवायला; दातेरी तोंड धातूवर चरे पाडतं. नायलॉनची मिळाली नाही तर साध्या छोट्या पकडीच्या तोंडांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला तरी काम होतं. दीड-दोन मिलिमीटर पात्याचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर, स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारा. घड्याळजी वापरतात तसलं भिंग. भोक पाडण्याचं यंत्र, बुश दाबण्याची पक्कड, पिना कापण्याचा चिमटा यांच्या वाटेला घरी जायचं नाही. बुशवाला चष्मा सैल झाला तर जुनं बुश काढून नवंच घालावं लागतं, आणि ते दुकानाचं काम आहे. तिथे मी एका शब्दानेही वाद घालणार नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनवायचे आहेत, कारण ‘हात लावू नका’वाल्यांना बळ देणारे लोक हेच. ऑनलाइन मिळणारी ती शेकडो स्क्रूंची प्लास्टिकची डबी, सोबत लोहचुंबक लावलेला रंगीत स्क्रूड्रायव्हर, आणि ‘दोन मिनिटांत चष्मा नवा’ सांगणारा व्हिडिओ. डबीतले स्क्रू बहुतेक बिजागरीचे आणि कड्याचे असतात. रिमलेसचा स्क्रू काचेची जाडी ओलांडून जाण्याइतका लांब लागतो, तो त्यात क्वचितच सापडतो. स्क्रूड्रायव्हरचं पातं इतकं मऊ, की पहिल्याच घट्ट स्क्रूवर त्याचीच धार पिळवटते आणि जाता जाता स्क्रूची खाचही खाऊन जाते. पण डबीपेक्षा भयंकर आहे ती गोंदाची बाटली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर पांढरा धुरकट थर सोडते, तो धुऊन जात नाही, आणि त्यानंतर ती काच न फोडता काढणं कारागिरालाही अवघड. तो गोंद पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर आणला तर त्यातलं अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेटला खातं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून टाकायचा थ्रेडलॉकर मोटरसायकलला ठीक. पॉलिकार्बोनेटच्या भोकात शिरला की बारीक तडे सुरू होतात. थेंबभर पारदर्शक नेलपॉलिश नटावर लावायची युक्तीही त्या काचेजवळ नको.

वाकत नाही ते वाकवायचा हट्टही नको. काही काड्या निकेल-टायटॅनियमच्या, ‘मेमरी’ धातूच्या असतात. कितीही वळवा, त्या मूळ आकाराला परततात. तो त्यांचा गुणच आहे. जोर वाढवत गेलात तर शेवटी हार मानते ती काच.

आणि ज्याला कुणी ‘हात लावणं’ म्हणत नाही, ते पुसणं? रिमलेस चष्मा सर्वांत जास्त पिळला जातो तो पुसताना. डाव्या हाताने डावी काच धरायची आणि उजव्या हाताने, सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने, उजवी घासायची: दिवसातून चार-पाच वेळा ब्रिजच्या दोन्ही भोकांना पीळ. वर्षाचा हिशेब वाचकाने करावा. जी काच पुसायची तिचीच कड धरावी, दुसऱ्या काचेला हात नको. आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धूळ जाऊ द्यावी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना आणि पॅडमागे फिरवावा, धुवावं, मग मऊ मायक्रोफायबरने टिपावं. पॅडच्या तारेवर हिरवट थर जमतो तो मिश्रधातूतल्या तांब्याचा, घामामुळे आलेला. जुन्या मऊ ब्रशने निघतो. चष्मा दोन हातांनी काढावा. एका हाताने ओढला की एक काडी फाकते आणि त्याची किंमत कोपऱ्यातलं भोक मोजतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये: काचेचं प्लास्टिक उष्णतेने फुगतं, वरचं अँटी-ग्लेअर कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात.

दुकानदारांनी डबीसोबत फुकटचं कापड देतात तशी पाच मिनिटंही द्यावीत: काडीचं वळण कुठे हवं, पॅड कसे बसायला हवेत, आणि या चष्म्यात बोट कुठे न्यायचं नाही, हे गिऱ्हाईकाच्या हातात चष्मा देऊन दाखवावं. लहानसहान कामं घरी होऊ लागली तर त्यांचं नुकसान काय? काडी वळवण्याचे पैसे बहुतेक जण आजही घेत नाहीत. आणि वाचकांना एवढीच विनंती, की पुढचा रिमलेस चष्मा घ्याल तेव्हा काच कोणत्या मटेरियलची आहे ते बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला दुकान तयार नसेल, तर त्या काचेला भोक पाडू देऊ नका.